बंबाच्या पोटातले नकाशे

तुम्ही दोघं डोंगर चढता, बर्फात घसरता आणि मला फोटो पाठवता. मी ते मोठे करून पाहते, खाली ‘छान’ असं लिहिते आणि चष्मा पुसून ठेवते. या वेळी मी जाऊन आले आहे आणि तुम्ही वाचायचं आहे. माझा प्रवास विश्रांतवाडीहून कसब्यात आणि कसब्यातून वारज्याला, म्हणजे पुण्यातून पुण्यातच झाला. हसू नका. ज्या गावात जन्म काढला तिथे वेगळ्या कामासाठी निघालं, की ओळखीचे रस्तेसुद्धा परके वागतात.

निघायचं कारण तुम्हीच. विश्रांतवाडीचं घर सोडून मी श्रीधरकडे, म्हणजे मुक्ताच्या आईबाबांकडे, वारज्याला राहायला आले, हे तुम्हाला माहीत आहे. आजोबा गेल्यावर मी एकटीने राहू नये असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि त्या सगळ्यांत मीही होते. तक्रार नाही. पण बसवत नाही. आयुष्यभर वाचनालयात पुस्तकं लावली. इथे लावायला काही उरलं नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातले कप्पे लावायला घेतले. मुक्ता, तुझी आई, मेघना, एकदा अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई, तो डबा मी तिथे ठेवला होता. मुद्दाम.” तो ‘मुद्दाम’ मला दिवसभर पुरला. मग मी गच्चीवर फेऱ्या मारल्या, खाली उतरले, फाटकापर्यंत गेले, परत आले.

विश्रांतवाडीच्या घरातल्या सगळ्या वस्तूंची वासलात लागली होती. राहिला होता एकच, मागच्या अंगणातला तांब्याचा बंब. तुम्ही सुट्टीत आलात की त्यात करवंट्या सारायला भांडायचात. ओजस, तू फोनवर म्हणालास, “आजी, बंब मला ठेव.” मुक्ता, दुसऱ्याच दिवशी तू म्हणालीस, “बंब माझा. त्याला पोचा मी पाडलाय.” तो पोचा कोणी पाडला असं तेव्हा विचारलं होतं, तर तुम्ही दोघांनी शेजारच्या मांजराचं नाव घेतलं होतं.

आता एक बंब, दोन नातवंडं, आणि दोघं दोन देशांत. तुम्हा दोघांना मी आजवर उणंअधिक दिलेलं नाही. बर्फीची शेवटची वडी कापताना पट्टी ठेवलेली तुम्ही पाहिली आहे. त्यामुळे मुक्ताने जेव्हा त्या वर्गाची जाहिरात मला पाठवली, जुन्या, गंजलेल्या, झिजलेल्या वस्तूंचे कागदावर ठसे घ्यायला शिकवणारा वर्ग, तेव्हा मला उत्तर सापडल्यासारखं झालं. बंबाचा पत्रा कापायचा, त्याला शाई लावायची, दोन ठसे घ्यायचे. पुस्तकाच्या दोन प्रती असतात तसे, एकासारखा एक. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. मी त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले.

विश्रांतवाडी

बंब आणायला मी सुमनताईंना घेऊन गेले. सुमनताई म्हणजे आमच्या इमारतीच्या मागच्या बंगल्यातल्या. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. मी फाटकापर्यंत फेऱ्या मारते हे त्या रोज बघत होत्या.

“कुठं निघालाव आजी?”

“विश्रांतवाडीला. बंब आणायला.”

“एकल्या? थांबा, मी येती. घरात बसून तरी काय करायचं हाय.”

रिकाम्या घरात आवाज घुमतो. मी थेट मागच्या दारी गेले. बंबावर धूळ होती, तोटी घट्ट बसली होती. सुमनताईंनी झाकण काढून आत डोकावलं. “आत पार चुना धरलाय की,” त्या म्हणाल्या. खरंच होतं. इतकी वर्षं पाणी उकळून उकळून आतून पांढरा, कुठे पिवळसर असा क्षारांचा थर बसला होता. मला लाज वाटली. बाहेरून मी हा बंब दर दिवाळीला लखलखीत ठेवत आले. आत हात पोचत नव्हता.

परतताना मला चौकात क्षणभर थांबून घराकडे वळून बघायचं होतं, आणि बघायचं नव्हतंही. सुमनताईंनी ते ओळखलं असावं. त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, “दादा, चला. बंब गार व्हायला नको.”

कसबा पेठ, तांबटांची आळी

तुमच्याकडे दुकानं शांत असतात. या आळीत शिरलं की कानांनाच आधी कळतं आपण कुठे आलो ते. तांब्यावर हातोडे पडत असतात आणि माणसं त्या आवाजाच्या मधल्या फटींत बोलतात. सवय झालेली आहे त्यांना. मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं.

ज्यांच्याकडे गेले त्या तांबटांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांनी बंब आडवा केला, बोटाने वाजवला.

“काय करायचंय?”

“कापून हवा आहे. हा पोचा आहे ना, त्याच्या आसपासचा चौकोनी तुकडा. सपाट करून.”

अप्पांनी हातोडा खाली ठेवला. “बाई, लोक इथे फुटकं आणतात आणि अख्खं करून नेतात. तुम्ही अख्खं आणलंत.”

“मला तो नातवंडांना पाठवायचा आहे.”

“मग अख्खा पाठवा.”

“विमानात बंब नेत नाहीत.”

“माणसं नेतात ना? मग त्यांना इकडे आणा. बंब अजून त्यांच्या पोरांना अंघोळी घालेल.”

सुमनताई म्हणाल्या, “तुमी कापा ओ. दोगं भांडायलीत यासाठी.” हे कारण अप्पांना लगेच पटलं. वाटण्या त्यांनी बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

कापणं मी पाहिलं नाही. समोरच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले. बोलावलं तेव्हा अप्पांच्या हातात वहीच्या उघडलेल्या पानांएवढा एक पत्रा होता. लाकडी हातोड्याने त्यांनी तो हळूहळू सपाट केला होता. थराचे जाड पापुद्रे गळून पडले, पण खालचा पातळ थर तांब्याला धरून राहिला. पोचा चेपला गेला, त्याची सुरकुती मात्र राहिली, वाळलेल्या ओढ्यासारखी, एका टोकापासून जवळपास मधोमध.

“ही काढू का?” अप्पांनी विचारलं.

“नको,” मी म्हणाले. “तिच्यावर दोघांचा दावा आहे.”

माडीवर

वर्ग तिथून जवळच, एका बंद पडलेल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्याच्या माडीवर भरतो. ऋजुता नावाची मुलगी तो चालवते. वय तुमच्यापेक्षा थोडं जास्त, केस आखूड, नखांत शाई. दारातच पाटी होती: ‘विचारल्याशिवाय काहीही पुसू नये.’ पाटी सरळ टांगलेली होती आणि अक्षर सुबक होतं, म्हणून मी निश्चिंत झाले. आत गेले आणि निश्चिंती संपली.

एका बरणीत ताक घालून त्यात कापड बुरसत ठेवलं होतं. गंजलेल्या बिजागऱ्या आणि साखळ्या ओल्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधल्या होत्या. दोन दिवसांनी कागद उघडला की गंजाचं चित्र तयार. हे तरी मी सोसलं. पण समोरच्या भिंतीवर, काचेखाली, कसरीने खाल्लेला कागद टांगलेला होता. मुलांनो, मी सगळी नोकरी त्या कसरीविरुद्ध डांबराच्या गोळ्या घेऊन लढले. इथे तिला चौकट करून दिली होती.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

“कसरीने,” ऋजुता म्हणाली. “मी फक्त मध्ये पडले नाही.”

तिचं शिकवणं असं. बोलते इंग्रजी-मराठी मिसळून, पण काम नेमकं. प्लेटला, म्हणजे ज्याचा ठसा घ्यायचा त्या पत्र्याला किंवा पुठ्ठ्याला, शाई फासायची, ती खोबणींत शिरेपर्यंत चोळायची, मग वरची शाई जाळीदार कापडाने पुसायची. वर ओलसर कागद, त्यावर जाड लोकरी कापड, आणि सगळं दोन रुळांमधून ढकलायचं. मोठं चाक आहे, जहाजाला असतं तसं. ते फिरवताना मला बरं वाटलं. हातांना काम मिळालं की मन थोडा वेळ जागेवर बसतं.

सरावासाठी आम्हाला पुठ्ठे दिले. सुमनताई माझ्यासोबत आल्या होत्या त्या नुसत्या बसायला. पण त्यांनाही पुठ्ठा मिळाला. त्यांनी पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला. “आमच्या शेवटच्या ज्वारीचं पोतं,” त्या म्हणाल्या. “नंतर तुमची इमारत झाली.” मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पोतंच हाय ओ. डिंक द्या इकडं.” त्यांच्या ठशात उंदरांनी कुरतडलेलं भोक चांदण्यासारखं पांढरं आलं.

माझ्या ठशात काहीच आलं नाही. कोरा कागद, कडेला एक करडी रेघ.

ऋजुताने कागद उजेडात धरला. “आजी, तुम्ही प्लेट नाही, ताट पुसलंत.”

“नीट पुसायचं म्हणालात तुम्ही.”

“पुसायचं. पण सगळं नाही. थोडं राहू द्यायचं.”

“किती थोडं?”

“ते पुसताना कळतं.”

असं उत्तर मी वाचनालयात कुणाला दिलं असतं तर लोकांनी तक्रार केली असती. जेवणाच्या सुट्टीत मी काकडीची सँडविचेस काढली. सुमनताईंनी एक हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. “याच्या कडा कुठं गेल्या?”

“कापल्या. तशी पद्धत आहे.”

“बरंय. तुमचं सगळं काटेकोर.” आणि त्यांनी मला बाजरीची भाकरी दिली, कडेने फाटलेली, वर लसणाची चटणी. ती फाटकी कडच सगळ्यांत खमंग होती, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

दुपारी मी ऋजुताला तांब्याचा पत्रा दाखवला आणि माझा बेत सांगितला. तिने पांढऱ्या थरावरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाली, “सुंदर टेक्स्चर आहे. पण सारखे दोन निघणार नाहीत, आजी. हा थर ठिसूळ आहे. प्रेसखाली गेला की चुरणार. पहिल्या ठशात जे येईल ते दुसऱ्यात नसेल. ठसा घेत गेलं की प्लेट मरत जाते.”

“मग उपाय काय?”

“उपाय कशावर?”

तिला तो प्रश्नच वाटत नव्हता. मी पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरी घेऊन आले. उद्या काहीतरी सुचेल, असं स्वतःला सांगत. बसमध्ये सुमनताई झोपल्या. मी पत्रा मांडीवर घेऊन त्याच्या कडा चाचपत राहिले.

वारजे

आता जे झालं ते ओजसला अर्धं माहीत आहे, पण कुठलं अर्धं ते माहीत नाही.

संध्याकाळी मी पत्रा ओट्यावर ठेवला. मेघना कामावरून आली, तिने पाहिलं. “आई, हे... इथेच ठेवायचंय?” एवढंच. मी पत्र्याकडे तिच्या नजरेने पाहिलं. मळकट, खवले धरलेला, दुसऱ्याच्या स्वच्छ ओट्यावर. उद्या हा मी एका परक्या मुलीच्या हातात पुन्हा देणार आणि त्यातून निघेल ते परदेशी पाठवणार. शिवाय थर ठिसूळ आहे म्हणूनच दोन ठसे सारखे येणार नाहीत ना? मग थरच नसला तर? गुळगुळीत तांबं, मधली सुरकुती, आणि दोन ठसे तंतोतंत. मला ते इतकं सरळ वाटलं, की कोणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

चिंच भिजलेलीच होती. मीठ घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि उजव्या बाजूने सुरुवात केली. गोल, गोल, दाबून. आपल्याकडे तांबं असंच घासतात, माझ्या आईने मला शिकवलं तसं. पांढरं विरघळत गेलं आणि खालून गुलाबी तांबं वर आलं. किती दिवसांनी माझा खांदा दुखला आणि किती दिवसांनी मला बरं वाटत होतं.

मी मधल्या सुरकुतीपर्यंत आले होते, तेव्हा फोन वाजला. ओजस, तू होतास. कोपराने बटण दाबलं.

“आजी, कापला का बंब?”

“कापला रे. छान सपाट झाला.”

“आतला पांढरा थर आहे ना अजून? मी आणि मुक्ता झाकण काढून टॉर्च मारायचो आत. त्यात नकाशे दिसायचे. आम्ही बेटांना नावं दिली होती. कोणाला सांगितलं नव्हतं.”

हातातून कोळ ओघळत होता. मी शेंडी बेसिनमध्ये ठेवली.

“आहे,” मी म्हणाले.

“दाखव ना.”

“हात भरलेत. उद्या दाखवते.”

फोन ठेवल्यावर मी पत्र्यासमोर उभी राहिले. डावीकडे बेटं होती. उजवीकडे समुद्र, तोही धुऊन पुसून ठेवलेला. तू दहा मिनिटं उशिरा फोन केला असतास तर काही उरलं नसतं. आधी केला असतास तर सगळं वाचलं असतं. मी बेटांवरून बोट फिरवून नावं ओळखायचा प्रयत्न केला. अर्थात ते येत नव्हतं.

मेघना मागे येऊन उभी होती. तिने बहुतेक ऐकलं होतं. “मी तसं म्हटलं नव्हतं, आई,” ती म्हणाली.

“तू काहीच म्हटलं नाहीस. मीच ऐकलं.”

तिने पत्रा उचलला, डाव्या बाजूला पाणी लागणार नाही असा तिरपा धरून चिंच धुतली आणि फडक्याने न पुसता खिडकीत उभा करून ठेवला. मला तेही सुचलं नव्हतं.

पुन्हा माडीवर

ऋजुताने गुंडाळी सोडली आणि उजव्या बाजूवर अंगठा फिरवला. मग दाराकडे बोट केलं. “पाटी वाचली होती ना?”

“इथे नाही पुसलं. वारज्याला पुसलं.”

सुमनताई तोंडाला पदर लावून हसल्या. ऋजुताने हसू दाबलं, आणि मग पत्रा तिरपा धरून एका डोळ्याने पाहिला. “चला, आता आहे ते आहे. शाई भरा.”

“तुम्ही भरा. माझा हात नको.”

“तुमचाच हात हवा,” ती म्हणाली. “निम्मं काम झालंय त्याचं.” मला तेव्हा समजलं नाही.

मी शाई चोळली. पुसताना प्रत्येक फेरीला थांबले. डावीकडे जवळजवळ पुसलंच नाही. चाक फिरवताना रुळाखालून करकर असा बारीक आवाज आला, खडीसाखर दाढेखाली यावी तसा. तो थर चुरत होता. मी थांबले. “थांबू नका,” ऋजुता म्हणाली. “मध्ये थांबलं तर पट्टा उमटतो.” मी फिरवत राहिले.

कागद उचलला. ठशात बाजू उलटतात: उजवीकडे बेटं होती, काळी, किनारे कातरलेले, काही एकमेकांना चिकटलेली. मध्ये सुरकुती, वीज उतरावी तशी. आणि डावीकडे, जिथे कोरा कागद येणार असं मी धरून चालले होते, तिथे वर्तुळं होती. केसासारख्या बारीक रेघांची, एकात एक गुंतलेली शेकडो वर्तुळं. नारळाच्या शेंडीचे आणि मिठाचे ओरखडे. माझा हात तिथून जसा फिरला होता तसाच्या तसा.

“आजी, ह्या तुम्ही,” ऋजुता म्हणाली.

दुसऱ्या ठशात निम्मी बेटं गेली होती; त्यांच्या जागी करडे डाग राहिले. पण वर्तुळं अधिक स्पष्ट आली, कारण आता पुसण्याचा अंदाज मला आला होता. तिसरा घ्यायचा का, असं तिने विचारलं. प्लेटवर हात ठेवला तर थर पिठासारखा बोटांना आला. मी नको म्हणाले.

दोन्ही ठसे दोरीवर शेजारी टांगले. मी पट्टी ठेवावी तशी नजर ठेवून तुलना करत राहिले. पहिल्यात तुमची बेटं जास्त. दुसऱ्यात मी जास्त. कोणता मोठा भाग म्हणायचा? पहिला कोणाला? आधी मागितलं ओजसने. पोच्याचा दावा मुक्ताचा. बेटं दोघांची. मी उठले, खिडकीशी गेले, परत आले.

“आजी, बसा की जरा,” सुमनताई म्हणाल्या. “दोरीखाली वाट पडंल.”

ऋजुताने पेन्सिल पुढे केली. प्रत्येक ठशाखाली क्रमांक घालायची पद्धत आहे. कितव्यांदा घेतलेला, एकूण कितींतला. मुलांनो, माझ्या हाताने क्रमांक न घातलेलं पुस्तक आमच्या वाचनालयात एकही नव्हतं. पेन्सिल हातात घेतली, आणि खाली फक्त ‘आजी’ असं लिहिलं, दोन्हींवर.

“नंबर?” ऋजुताने विचारलं.

“नाही घालत.”

वारजे, परत

ठसे वाळल्यावर पुठ्ठ्याच्या दोन नळ्या आणल्या, एकसारख्या. सुमनताईंना बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

“तुम्ही भरा. कुठल्यात कुठला ते मला सांगू नका.”

“आणि मला तर ठावं होईल की?”

“तुम्ही कोणाला सांगणार?”

“बरं. डोळं मिटा. भिंतीत दिसतंय तुमाला.” दिसत नव्हतं, पण मिटले. मागे कागदांची सळसळ झाली, झाकणं बसली, मग नळ्या जमिनीवर गरगरा लोळवल्याचा आवाज. “घ्या. आता मलाबी ठावं न्हाई.”

मी वळले, डावीकडच्या नळीवर ओजसचा पत्ता चिकटवला, उजवीकडच्या नळीवर मुक्ताचा. तुम्हा दोघांना काय दिलं हे मला माहीत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं आहे.

तुम्ही फोटो काढून ताडून बघालच. बघा. बेटांची नावं आठवली तर एकमेकांना विचारा; मला सांगितली नाहीत तरी चालेल. ओजस, ‘उद्या दाखवते’ म्हणाले होते, ते हे. अर्धे नकाशे मी घासून टाकले.

ठसे घेऊन झालेला पत्रा मी कपाटाच्या मागे सरकवून ठेवला होता. परवा पाहिलं तर मेघनाने तो ओट्याच्या वर खिळ्याला टांगलेला. मी विचारलं, “इथे?” ती म्हणाली, “मुद्दाम.”

उजवी बाजू आता पुन्हा काळवंडायला लागली आहे. वाफेने कडेला थोडी हिरवटही झाली आहे. आज आमटीसाठी चिंच भिजत घातली होती. दोनदा पत्र्याकडे नजर गेली, एकदा हातही गेला.

चिंच आमटीतच घातली.